कड्यावरचे रोप, कुंडीतले रोप

जून संपता संपता पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये दरवर्षी तेच दिसते. हिवाळ्यात हौसेने आणलेली सक्युलंट एकामागून एक कुजू लागतात. एचेव्हेरियाची पाने बुडाशी पाणचट पिवळी होतात आणि बोट लागताच निखळतात. ॲडेनियमचा फुगीर बुंधा दाबून पाहावा, तर आत मऊ लागतो. रोप घेताना रोपवाटिकेत सांगितलेले असते की याला पाणी फार लागत नाही, चार दिवस विसरलात तरी चालेल. ते खोटे नसते. पण आपल्याकडे वर्षातले चार महिने पाणी किती घालायचे हे माळी ठरवत नाही, आभाळ ठरवते. एचेव्हेरिया मुख्यत्वे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, हावर्थिया आणि लिथॉप्स दक्षिण आफ्रिकेतल्या, ॲडेनियम आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या कोरड्या मुलखातले. या झाडांनी दुष्काळ पाहिला आहे. आठ-आठ दिवस न थांबणारी झड आणि त्या झडीतली दमट, उबदार हवा त्यांच्या ओळखीची नाही.

मग महाराष्ट्रात लावायचे सक्युलंट कोणते? जे जुलैची झडही सोसेल आणि एप्रिलची होरपळही सोसेल, ज्याला फूल सुंदर येईल आणि जे लहान कुंडीत मावेल, असे झाड हवे. असे झाड आहे. ते याच मातीतले, खरे तर याच खडकातले आहे. जुन्नरच्या डोंगरात, शिवनेरीच्या कड्यावर, पुरंदरजवळच्या वज्रगडावर, सज्जनगडावर, महाबळेश्वरच्या परिसरात ते आपले आपण वाढते आणि महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही निसर्गतः वाढत नाही. त्याचे नाव शिंदळ माकुडी. शास्त्रीय ग्रंथांत ते ‘फ्रेरिया इंडिका’ या नावाने प्रसिद्ध झाले.

हे नाव रोपवाटिकेत विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस आधी आपल्याकडे पाहतो, मग आत जाऊन कुणाला तरी विचारतो आणि शेवटी एखादे थायलंडचे संकरित ॲडेनियम पुढे करतो. आपल्या डोंगरातले हे रोप युरोपातल्या छंदी लोकांच्या काचघरांत गेली कित्येक दशके सुखाने वाढते आहे. तिथले सक्युलंटप्रेमी त्याच्या फांद्या एकमेकांना देतात, हिवाळ्यात त्याला थंडीपासून जपतात, त्याचे संकर करतात. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात मात्र ते कुणाच्या गॅलरीत दिसले तर आश्चर्य वाटावे. हे उलटे आहे आणि ते सुलटे करता येण्याजोगे आहे.

शिंदळ माकुडी पाहायची तर गणपती झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात गडावर जावे. पाऊस ओसरलेला असतो, कारवीचे रान हिरवेगार असते, आणि काळ्या कड्याच्या अंगावर जिथे मातीचा थर जेमतेम बोटभर असेल तिथे एक जाडसर, हिरवट-राखाडी फांद्यांचा झुपका लोंबताना दिसतो. फांद्या करंगळी-अंगठ्याएवढ्या जाड, गुळगुळीत, गोल. त्यांच्या टोकांकडे लांबट-लंबगोल, मांसल पाने. आणि पानांच्या बेचक्यांत, साधारण दोन सेंटिमीटर व्यासाची, पाच टोकांची चांदणी: गडद किरमिजी रंगाची, त्यावर पिवळ्या खुणा, कडांना बारीक लव. लांबून नुसते पाहिले तर डोळा चुकवून जाईल इतके लहान फूल आहे. दुर्बिणीतून पाहिले तर तिथून हलवत नाही.

ते कड्याच्याच अंगावर का, याचे उत्तर कड्याकडे पाहिल्यावर मिळते. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. त्या थरांच्या आडव्या सांध्यांत थोडी माती अडकते, थोडे शेवाळ धरते आणि पाणी झिरपते, पण थांबत नाही. पाऊस कितीही कोसळला तरी उभ्या कड्यावरचे पाणी क्षणात खाली जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकलेल्या जुन्नरला त्याचा एक लहानसा अंश. तरी दोन्ही ठिकाणी हीच वनस्पती तग धरते. म्हणजे पाऊस किती पडतो याची तिला पर्वा नाही. पडलेले पाणी मुळाशी किती वेळ थांबते, एवढाच तिचा प्रश्न आहे. कुंडीत ती वाढवणाऱ्याला यापेक्षा महत्त्वाचा धडा दुसरा नाही, म्हणून तो इथेच सांगून ठेवतो.

कोणत्या गडाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या टाक्याच्या वर ती आहे, हे मी लिहिणार नाही. दुर्मिळ रोपाचा नेमका पत्ता छापून आला की तिथे भक्त आणि चोर एकाच वाटेने पोहोचतात.

तिची पहिली शास्त्रीय नोंद एका स्कॉटिश माणसाच्या नावावर आहे. निकोल अलेक्झांडर डालझेल हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी १८६१ साली ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. त्यानंतर तीन-चार वर्षांत त्यांनी जुन्नरच्या बाजूच्या खडकांवरून मिळालेल्या या रोपाचे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले. हे रोप इतके वेगळे वाटले की त्याच्यासाठी त्यांनी स्वतंत्र प्रजातीच उभी केली आणि तिला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. हे तेच फ्रिअर, ज्यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनलाही आधी त्यांचेच नाव द्यायचे घाटत होते. कारंज्याचे नाव बदलले, रोपाला ते चिकटले.

पुढे वर्गीकरणाच्या शास्त्रात उलथापालथी झाल्या. १९५८ साली इंग्लंडच्या गॉर्डन रोली यांनी तिला ‘कॅरालुमा’त, म्हणजे आपल्या माकडशिंगाच्या जातभाईंत नेऊन बसवले. नंतर ती ‘बाउसेरोशिया’त गेली आणि अलीकडे काही तज्ज्ञ तिला थेट ‘सेरोपेजिया’त, कंदीलपुष्पांच्या मोठ्या कुटुंबात धरतात. बागवाल्याला यातले एवढेच लक्षात ठेवायचे की जुन्या-नव्या पुस्तकांत ती चार निरनिराळ्या नावांनी सापडेल. घराणे मात्र कुणी बदललेले नाही. ती रुईच्या कुळातली आहे. रुईसारख्याच तिला जोडशेंगा धरतात, त्या उकलतात आणि रेशमी झुबक्याचे बी वाऱ्यावर उडते. लहानपणी आपण ज्याला म्हातारी म्हणून पकडायला धावायचो, त्याच जातीचे बी.

तिच्या जवळच्या नातेवाइकांत बहुतेकांना मांसल खोड असते, पण खरी पाने नसतात. माकडशिंग पाहिले असेल त्यांना कळेल. नुसत्या चौकोनी, मांसल कांड्या. पानांच्या जागी बारीक टोके. दुष्काळी प्रदेशात पान ही उधळपट्टी असते, त्यातून पाणी उडून जाते. म्हणून या गटाने पाने सोडली. शिंदळ माकुडीने ती सोडली नाहीत. पावसाळा आला की तिला चांगली मोठी, हिरवी पाने फुटतात आणि कोरडा काळ सुरू झाला की ती सगळी गळून जातात. उरते ते नुसते खोड.

या दुहेरी वागणुकीचा अर्थ १९७७ साली जर्मनीत उलगडला. वुर्झबर्ग विद्यापीठातले ओटो लांगे आणि त्यांच्या सहकारी झुबर यांनी ‘ओइकोलोजिया’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे, आणि गंमत म्हणजे पुन्हा हिंदुस्थानात यावे लागते.

झाडे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घेतात. छिद्र उघडले की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच दारातून पाणी बाहेर जाते. सामान्य झाड दिवसा दार उघडते, कारण त्याला सूर्यप्रकाशात अन्न बनवायचे असते. दुष्काळातल्या झाडांना हे परवडत नाही. ती रात्री, हवा गार असताना दार उघडतात, आलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवतात आणि दिवसा दारे लावून घेऊन त्यातूनच अन्न शिजवतात. ही गोष्ट मोजमापाची साधने येण्याआधी एका माणसाला जिभेने कळली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात काम करणारे बेंजामिन हाइन यांनी १८१३ साली पत्राने कळवले की पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी त्याला चव उरत नाही. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात संपते, म्हणून. आज वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेल्या एका मोठ्या शोधाची सुरुवात आपल्या अंगणातल्या पानफुटीपासून झाली, हे आपल्या शाळांत सांगायला हवे.

लांगे आणि झुबर यांनी दाखवले की शिंदळ माकुडीत या दोन्ही पद्धती एकाच रोपावर नांदतात. तिचे पान सामान्य झाडासारखे दिवसा श्वास घेते. तिचे खोड दुष्काळी झाडासारखे रात्री श्वास घेते. पाणी भरपूर असते तेव्हा पाने वेगाने अन्न बनवतात आणि रोप झपाट्याने वाढते. पाणी संपले की पाने टाकून द्यायची आणि खोडाच्या जोरावर, दारे बंद करून, पुढचा पाऊस येईपर्यंत दिवस काढायचे. आपल्या वर्षाचे दोन भाग पडतात, चार ओले आणि आठ कोरडे. त्या दोन भागांसाठी या रोपाने दोन स्वतंत्र अवयव ठेवले आहेत. मेक्सिकोच्या किंवा आफ्रिकेच्या कोणत्याही सुंदर सक्युलंटपेक्षा हे आपल्या हवामानाला जवळचे का, याचे उत्तर इथे आहे.

फुलाकडे पुन्हा एकदा वळू या, कारण ते ज्यांच्यासाठी फुलते ते पाहुणे आपल्याला नकोसे वाटणारे आहेत. या गटातल्या फुलांचे परागीभवन माश्या करतात. फुलाच्या मधोमध एक लहानसा, गुंतागुंतीचा मुकुट असतो आणि त्यात बारीक चिरा असतात. माशी मधासाठी आत सोंड घालते, सोंडेचा केस त्या चिरेत अडकतो आणि ती जोर करून सुटते तेव्हा परागकणांचा एक आख्खा जोडपुंजच बरोबर ओढून नेते. पुढच्या फुलावर तो पुंज बरोबर त्याच्या खाचेत बसला तरच बी धरते. सुट्या परागकणांची उधळण करणाऱ्या जास्वंदीच्या तुलनेत हा फार जोखमीचा कारभार आहे. कड्यावर रोपांचे झुपके एकमेकांपासून दूर पडले, की माशीला एकाकडून दुसऱ्याकडे जाणे कठीण होते. रोपे दिसतात, फुले येतात, पण शेंगा कमी धरतात. म्हणून एखाद्या कड्यावर चार झुपके उरले आहेत असे कळले की निर्धास्त होऊ नये.

दुसरा पाहुणा जास्त देखणा आहे. प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा हे केशरी पंखांचे, काळ्या-पांढऱ्या टोकांचे फुलपाखरू रुईवर अंडी घालते हे बहुतेकांना माहीत असते. तेच शिंदळ माकुडीवरही अंडी घालते. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे त्याचे सुरवंट पाने आणि कोवळी फांदी फस्त करतात. गॅलरीत असे सुरवंट दिसले तर औषध मारू नये. पाने जातील, खोड राहील आणि रोप पुन्हा फुटेल. शेजारी रुईचे किंवा हळदीकुंकवाचे झाड असेल तर काही सुरवंट तिकडे हलवता येतात.

आता कुंडीचे. हे रोप लावायला सोपे आहे आणि मारायलाही सोपे आहे. मारण्याचा हमखास मार्ग म्हणजे काळी माती. काळ्या मातीत पाणी धरून राहते, जुलैत ती चिखल होते आणि मुळे आठवड्यात कुजतात. नुसत्या कोकोपीटचीही तीच गत. कड्यावरची सांध कुंडीत तयार करायची, एवढे एकच सूत्र. त्यासाठी चाळून बारीक माती काढून टाकलेला मुरूम, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि भरड वाळू यांचे मिळून किमान दोन तृतीयांश. उरलेल्या भागात पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि थोडी लाल माती. मिश्रण बरोबर जमले का ते पाहायची एक सोपी परीक्षा आहे. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतावे. दहा मोजेपर्यंत ते तळाच्या भोकातून बाहेर पडू लागले पाहिजे. वर तळे साचून राहिले तर अजून मुरूम घालावा.

कुंडी मातीचीच घ्यावी, भाजलेली, न रंगवलेली, खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेली. तिच्या अंगातून पाणी सुकते. प्लास्टिकची घ्यायचीच असेल तर भोके वाढवावीत. सर्वांत शोभते ती लटकती टोपली, कारण फांद्या आपोआप कडेवरून खाली लोंबतात आणि फुले डोळ्यांच्या उंचीवर येतात. ज्यांच्याकडे बंगल्याचे आवार आहे, शेतघर आहे, त्यांनी कुंडीचा नादच सोडावा. काळ्या दगडाचा कोरडा बांध असेल, चुना-सिमेंट न घालता रचलेला, तर त्याच्या सांधीत मुरूम भरून तिथेच फांदी बसवावी. कोकणात जांभ्याचा गडगा असतो, त्यावरही हे जमते, फक्त पागोळ्या थेट पडणार नाहीत अशी जागा निवडावी. इतकी नैसर्गिक आणि इतकी देखणी बाग मला दुसऱ्या कोणत्या सक्युलंटची माहीत नाही.

नवे रोप फांदीपासून करावे. चार ते सहा बोटे लांबीची निरोगी फांदी धारदार, स्वच्छ ब्लेडने कापायची. कापलेल्या जागी चीक येतो तो पाण्यासारखा असतो, रुईसारखा पांढरा नसतो. ही फांदी लगेच मातीत खुपसायची नाही. सावलीत, वाऱ्यावर चार-पाच दिवस पडू द्यायची, म्हणजे जखम सुकून तिच्यावर खपली धरते. मग ती मुरमावर आडवी ठेवायची, एक टोक किंचित दाबून. जिथे खोड मातीला टेकते तिथून मुळे फुटतात. उभी रोवलेली फांदीही लागते, पण आडवी जास्त सुरक्षित, कारण कुज लागली तर चटकन दिसते. मेचा शेवट आणि जूनची सुरुवात हा काळ उत्तम. हवा उबदार असते आणि रोप जागे होत असते. मुळे धरेपर्यंत फक्त हलका शिडकावा.

वर्षाचे वेळापत्रक आपण बनवायचे नाही, तिचेच पाळायचे. वळवाचा पाऊस झाला की टोकांना हिरवे ठिपके दिसतात, जूनमध्ये पाने उलगडतात. या काळात पाणी मोकळ्या हाताने द्यावे आणि उघड्यावरचा पाऊसही लागू द्यावा. मुरमाचे मिश्रण असेल तर झड सोसते. फक्त सलग आठवडाभर ऊन नसेल तर कुंडी छज्ज्याखाली घ्यावी. पावसाळ्याच्या मध्यावर एकदा पातळ केलेले शेणखताचे पाणी पुरते. नत्राची खते देऊ नयेत. त्यांनी फांद्या लुसलुशीत, फिक्या आणि लांब होतात आणि त्याच आधी कुजतात. ऊन सकाळचे हवे, तीन-चार तास. पूर्वेची गॅलरी असेल तर दुसरी जागा शोधू नये. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेची दुपार मात्र टाळावी. कड्यावरही ती बहुधा दिवसाचा काही भाग खडकाच्या सावलीत असते.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत फुले. त्यानंतर पाणी हळूहळू तोडायला लागावे. डिसेंबरात पाने पिवळी पडून गळतात आणि नेमकी इथे बहुतेक रोपे जीव गमावतात. रोप वाळले असे समजून कुणी त्याला रोज पाणी घालू लागते आणि कुजवते, कुणी कुंडी रिकामी करून टाकते. रोप वाळलेले नसते. त्याने पानांचे काम थांबवून खोडाचे सुरू केलेले असते. जानेवारी ते मे पंधरा-वीस दिवसांतून एकदा, खोडावर सुरकुत्या दिसू लागल्या तर, थोडेसे पाणी. एवढेच. हिवाळाभर पाणी चालू ठेवले तर पाने टिकूनही राहतात, तसे करणारे लोक आहेत. माझे मत विचाराल तर तिला विश्रांती द्यावी. विश्रांती घेतलेले रोप पुढच्या सप्टेंबरात जास्त फुलते.

रोग-कीड फारशी नाही. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत आणि मुळांत बसतो. वर दिसला तर ओल्या कापसाने पुसून काढावा, कडुनिंबाच्या तेलाचा फवारा द्यावा. मुळांत असेल तर रोप उपटून, मुळे धुऊन, वाळवून नव्या मिश्रणात लावावे. फांदी काळी पडू लागली तर वाट पाहू नये. कापत कापत आत हिरवा, स्वच्छ गाभा दिसेपर्यंत जावे आणि उरलेली फांदी सुकवून पुन्हा लावावी. मूळ रोप गेले तरी वंश वाचतो.

इतके सोपे रोप डोंगरावर दुर्मिळ का? धोक्यात आलेल्या भारतीय वनस्पतींच्या याद्यांत तिचे नाव कित्येक दशके आहे. जंगलातून गोळा करून निर्यात करण्यावर केंद्र सरकारने बंदी घातलेल्या २९ वनस्पतींच्या यादीतही ते आहे. कारणे बरीचशी आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. उन्हाळ्यात गवताला लावले जाणारे वणवे कड्यापर्यंत चढतात आणि पाने टाकून निजलेल्या खोडाला भाजून काढतात. शेळ्या पोहोचतात तिथली फांदी उरत नाही. दरडी कोसळतात. आणि संग्राहक येतात, त्यात परदेशीच असतात असे मुळीच नाही. गडावरून फांदी तोडून आणून, ती समाजमाध्यमांवर दाखवून विकणारी आपलीच माणसे आहेत.

एक गोष्ट गडसंवर्धन करणाऱ्या मंडळींना सांगायची आहे. तटबंदीच्या दगडांत रुजलेले पिंपळ आणि उंबर काढणे आवश्यकच आहे, त्यांची मुळे भिंत फोडतात. पण भिंत किंवा कातळ सरसकट खरवडून स्वच्छ करू नये. सांधीतली ही मऊ मुळांची वनस्पती दगडाला काही करत नाही. मोहिमेआधी एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला गडावर नेऊन काय ठेवायचे ते ठरवून घेतले, तर एका सकाळचे काम आहे.

शास्त्रज्ञांनी आपल्या बाजूचे काम बरेच केले आहे. फांदीपासून आणि ऊतीसंवर्धनानेही तिची रोपे करता येतात, हे इथल्या प्रयोगशाळांतून सिद्ध झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांवर आयुष्यभर काम केले, त्यांच्या नव्या जाती शोधल्या आणि विद्यापीठाच्या उद्यानात सह्याद्रीच्या दुर्मिळ वनस्पती जोपासल्या. शिरवळजवळचे नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रही दुर्मिळ वनस्पतींच्या अभिवृद्धीसाठी ओळखले जाते. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. प्रयोगशाळेत आणि वनस्पती उद्यानात तयार झालेले रोप बाजारातल्या साध्या रोपवाटिकेपर्यंत येत नाही आणि ते येत नाही तोवर ज्याला हवे आहे तो कड्याकडे वळतो. रोपवाटिकांनी परवानगीने, नोंद असलेल्या मातृरोपांपासून हजारो कलमे केली आणि ती जेडच्या रोपाच्या किमतीत विकली, तर कड्यावरच्या चोरीत काही अर्थच उरणार नाही. कृषी विद्यापीठांनी आणि वनखात्याच्या रोपवाटिकांनी हे काम हाती घ्यावे. साग आणि बांबूच्या रोपांसाठी जी यंत्रणा आहे, तिचा लहानसा कोपरा याला पुरेल.

एका भ्रमाबद्दल मात्र सावध करतो. गॅलरीत दहा कुंड्या वाढवल्या म्हणजे शिंदळ माकुडी वाचली असे होत नाही. एका फांदीपासून केलेली दहा रोपे म्हणजे वंशाच्या हिशेबात एकच रोप. जुन्नरच्या कड्यावरची आणि महाबळेश्वरच्या कड्यावरची रोपे वेगवेगळ्या पावसात, वेगवेगळ्या उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली आहेत. तो फरक कुंडीत साठत नाही, कड्यावरच टिकतो. याच कारणाने आपल्या घरची रोपे उत्साहाने गडावर नेऊन लावू नयेत. कुंडीबरोबर पिठ्या ढेकूण आणि बुरशी जाते, आणि तिथल्या मूळ वंशात नको ती सरमिसळ होते. पुनर्रोपण हे ज्यांच्याकडे मूळ ठिकाणाची नोंद आहे त्या शास्त्रज्ञांचे काम आहे. आपली कुंडी कड्यावरचा ताण कमी करते, कड्याची जागा घेत नाही.

म्हणून रोप घेताना ते कुठून आले हे विचारा. फांदीवर जुने व्रण, खडकाची पूड, ओरबाडलेली मुळे दिसली तर ते घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. कलमापासून केलेले रोप ताजे, एकसारखे आणि कुंडीत मुळे धरलेले असते. ते मिळत नसेल तर रोपवाटिकेत नाव लिहून ठेवा, मागणी नोंदवा. मागणीशिवाय कुणी कलमे करत नाही. आणि ज्यांच्याकडे ती आधीच फुललेली आहे, त्यांनी येत्या मे महिन्यात चार फांद्या कापून चार ओळखीच्या घरी द्याव्यात. देताना एवढे जरूर सांगावे, की डिसेंबरात पाने गळली तर कुंडी टाकू नका, पाणी कमी करा आणि जूनपर्यंत थांबा.